तपकिरीचा सापळा

निपाणीच्या तंबाखू सोसायटीत फोन एकच होता. त्याच्या तबकडीला बारकं कुलूप, आणि किल्ली हेडक्लार्क मायाप्पाच्या करदोट्याला. कुलूप आणलं त्या दिवशी तोच चेअरमन मारुतीरावांना म्हणाला होता, "आप्पा, आता काळजी सोडा. कुलूप हाय तवर मीटर पडायचा न्हाय."

तीन महिन्यांनी बिल आलं ते तिप्पट.

"किल्ली तुझ्याकडं," मारुतीराव सावकाश म्हणाले. "शुक्रवारच्या मीटिंगपतूर चोर दाखव. न्हायतर किल्ली ठेव आन् गोदामात वजनाला उभा ऱ्हा."

वीस वर्षं खुर्चीत बसलेल्या मायाप्पाला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

कुलपातल्या फोनवरून बोलता कसं येतं, हे टेलिफोन खात्यातल्या मेहुण्यानं सांगितलं. तबकडी फिरवायचीच नाही. रिसीव्हर ठेवायची खुंटी आकड्याइतक्या वेळा टकटक दाबायची, शून्याला दहा वेळा. "लई चिकाटी लागती, दाजी," तो जरा कौतुकानंच म्हणाला.

चोर धरायचा तर आधी त्याचं मन धरलं पाहिजे, असं मायाप्पानं ठरवलं. चोर एक तर गरजू असतो, नाहीतर डूख धरणारा, नाहीतर नुसता हौशी. झाडलोट करणारी जयाबाई गरजू; तिची लेक बेळगावात दिलेली. शिपाई भरमा डूख धरणारा. त्याची रजा मायाप्पानंच कापली होती. हौशी माणूस मात्र ऑफिसात कुणी सापडेना.

गुरुवारी जेवायला घरी जाताना त्यानं रिसीव्हरवर चिमूटभर तपकीर भुरभुरली.

परत आला तेव्हा भरमा चहा घेऊन उभा होता. शिंक नाही. जयाबाई फोन पुसत होती. तिनं बोट हुंगलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "अण्णा, कुठल्या दुकानची ओ ही? माझ्यापरास झ्याक हाय."

मायाप्पानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात चेअरमनच्या खोलीतून शिंक आली. मग दुसरी. सात झाल्यावर तो दारात जाऊन उभा राहिला. मारुतीरावांच्या पांढऱ्या मिशीत तपकीर अडकली होती.

"आप्पा, तुमी?"

"नातीशी बोलत हुतो. बेळगावात अनगोळला असती. आत्ता आत्ता चार शब्द बोलाय लागलीया." मारुतीरावांनी नाक पुसलं. "पण मी रं कसला चोर? कुलूप हाय तवर मीटर पडत न्हाय, तूच म्हनलास की."



शुक्रवारच्या मीटिंगला चोराचा विषय निघालाच नाही. बिल मारुतीरावांनी खिशातून भरलं. किल्ली मायाप्पाकडेच राहिली. फक्त दुपारी कुलूप काढून जायचं ठरलं.

सोमवारी मायाप्पा जेवून आला. कुलूप टेबलावर काढलेलं होतं, आणि मारुतीराव मान तिरकी करून खुंटी दाबत होते. टक, टक, टक.

"आप्पा, तबकडी मोकळी हाय की."

"ती काय, कुनालाबी फिरवाय येती," मारुतीराव पुटपुटले. "गप जरा. सात झाल्यात."