बांडीचं टिपण

आषाढात देव झोपतात ते थेट कार्तिकात उठतात. या चार महिन्यांत लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. देवांना विश्रांती मिळते याबद्दल कोणाची तक्रार नसते. पिंपरखेड्याचे शालिग्राम जोशी मात्र दरवर्षी त्यांच्या झोपेवर मनातल्या मनात चरफडत.

चूक त्यांचीच होती. वडिलांच्या मागे दोघा भावांनी गावची वृत्ती वाटून घेतली, तेव्हा थोरल्याने पूजाअर्चा आणि श्राद्धपक्ष घेतले. शालिग्रामांनी पंचांग घेतलं. "घरबसल्या काम हाय," ते बायकोला मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. "चिखल तुडवत कोणाच्या दारी जा कायले? लोकं ओट्यावर येतीन, मी मुहूर्त सांगीन." आता श्रावण लागला की थोरला सकाळी घराबाहेर पडे आणि संध्याकाळी शिध्याचं गाठोडं घेऊन येई. शालिग्राम ओट्यावर बसून त्याला जाताना पाहत आणि येताना पाहत. घरबसल्या काम होतं खरं, पण काम नसलं म्हणजे नुसतं घरी बसणंच उरायचं.

वेळ घालवण्यासाठी त्यांनी काय केलं नाही? छताचे वासे मोजले. ते बेचाळीस भरले. दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस भरले, तेव्हा पुढचे दोन दिवस त्या एका वाशाच्या शोधात बरे गेले. मग येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता तिथी सांगायला सुरुवात केली. आठवड्याभरात बायकांनी विहिरीला जायची वाट बदलली. शेवटी ते स्वयंपाकघरात शिरले.

"आत्ता वरणाले फोडणी देऊ नको," ते पंचांगातल्या अशुभ वेळेवर बोट ठेवून म्हणाले, "भद्रा लागली हाय."

"भद्रेले म्हणा, आज उपाशी ऱ्हा," सीताबाईंनी सांगितलं आणि मोहरी टाकली.

सीताबाईंचा जीव मुळात दुसऱ्याच गोष्टीने कातावलेला होता. मुलगी चतुरा सोळा वर्षांची झाली होती. दिसायला देखणी, कामाला चलाख, बापाचं पंचांग बापापेक्षा नीट लावून ठेवणारी. पण तिच्या पत्रिकेत आठव्या घरात मंगळ बसला होता. पाच ठिकाणी टिपण गेलं आणि पाच ठिकाणांहून परत आलं. टिपण म्हणजे काय, तर जन्माची वेळ, नक्षत्र आणि कुंडली लिहिलेला तळहाताएवढा कागद. पण एका पोरीचं नशीब अडवायला तेवढा पुरेसा होता.

"तुमीच लेयला ना तो मंगळ? मंग तुमीच सरकवा त्याले एक घर," सीताबाई म्हणत.

"ग्रह म्हंजे काय पाट हाय का, सरकवाले?" शालिग्राम भडकत. "बावीस वर्षं झाली, या हातानं एक खोटा आकडा लेयला नाही. लोकांच्या पोरीले मंगळ सांगतला, तसा आपल्या पोरीले सांगतला."

हा त्यांचा अभिमान होता, आणि त्याच्यावर पोट भरत नसलं तरी मान ताठ राहत होती.

भाद्रपदातल्या एका कंटाळलेल्या दुपारी शेजारच्या नथ्थू माळ्याची म्हैस व्यायला झाली. नथ्थूचा वांग्यांचा मळा होता आणि तो दर आठवड्याला गाडी भरून कारंज्याच्या बाजारात जाई. म्हैस हंबरतेय हे ऐकताच शालिग्राम घटिकापात्र घेऊन गोठ्यात धावले. पाण्याच्या भांड्यात ती भोकाची वाटी तरंगत ठेवून ते जन्मवेळ टिपायला बसले. नथ्थू म्हशीचं पाहत होता आणि जोशी म्हशीकडे पाठ करून वाटी कधी बुडते ते पाहत होते. पिल्लू मादी निघालं, वगार. तिच्या शेपटीचा गोंडा पांढरा होता, म्हणून नथ्थूने नाव ठेवलं बांडी. गावात माणसाच्या कुठल्याही लेकराची जन्मवेळ इतकी नेमकी नोंदली गेली नव्हती.

पुढचे तीन दिवस शालिग्राम जेवणालाही वेळेवर उठले नाहीत. बांडीचं टिपण तयार झालं. हाताच्या सवयीने त्यांनी वर 'चि. सौ. कां.' लिहिलं, पण पुढे म्हशीचं नाव घालायला हात धजेना. कुंडली मांडली आणि दिवस अजून शिल्लक होता म्हणून खाली भविष्यही लिहिलं: 'सात अपत्ये होतील. राहील त्या घरी गोरस तुटणार नाही. हिने घर सोडल्यास लक्ष्मी मागे थांबणार नाही.'

नथ्थूला वाचता येत नव्हतं. त्याने ते ऐकलं आणि डोळ्यांना पागोट्याचा शेव लावला. "महाराज, आमच्या घरात कोणाबद्दल इतकं चांगलं आजपावतो कोणी बोललं नाही." मग तो एक दिवसाआड येऊन टिपण वाचून घेई, घडी करून पागोट्यात खोचे आणि समाधानाने मळ्यात जाई. पंधरा दिवसांत त्याला ते पाठ झालं.

आश्विनात सहावं स्थळ कळलं. कारंज्याचे उत्तमराव, घरची शेती, मुलगा जगदेव सरकी-कापसाच्या दुकानात लिखापढीला. सीताबाईंनी चतुराचं टिपण नथ्थूच्या हाती दिलं. "बाजारात चाल्लाच हाय, त उत्तमरावाच्या घरी देजो." नथ्थूने ते सांभाळून पागोट्यात ठेवलं, आणि कारंज्यात पोचवूनही आला.

आठ दिवसांनी पत्र आलं. छत्तीसपैकी तेहतीस गुण जुळले होते, मंगळ औषधालाही नव्हता. कारंज्याच्या जोशाने तर म्हटलं होतं की अशी पत्रिका त्याने हयातीत पाहिली नाही. त्याचंही खरं होतं. त्या बिचाऱ्याचेही हेच चार महिने रिकामे. इतक्या दिवसांनी हातात काम आल्यावर त्याने जन्मसाल पाहिलं नाही. उत्तमराव सोमवारी मुलगी पाहायला येणार होते.

सीताबाईंनी देवापुढे साखर ठेवली. शालिग्राम पत्र धरून खाली बसले. तेहतीस गुण? मंगळ नाही? त्यांनी गणित एकदा केलं, दोनदा केलं, आणि मग घाम पुसत नथ्थूला बोलावलं.

"नथ्थू, पागोटं सोड."

नथ्थूने पागोटं सोडलं. घडीतून टिपण पडलं. ते चतुराचं होतं.

"गेलं ते बांडीचं," शालिग्राम म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की नथ्थूने पाणी आणायला धाव घेतली.

सीताबाईंनी मात्र आधी दार लावलं. "अवो, तुमी गप ऱ्हा."

"अवं, पण म्हशीचे गुण हायेत ते!"

"असू द्या. पाच जागी तुमचं खरं धाडलं. काय झालं? पोरगी तुमाले सांगत नाही, पण रात्री उशीत तोंड खुपसून रडते. एकडाव, फक्त एकडाव, तोंड मिटून बसा."

शालिग्रामांना हे रडणं ठाऊक नव्हतं. ते दिवसभर घरातच असत, वासे मोजत, आणि ते त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. सोमवारपर्यंत ते कोणाला तिथीसुद्धा सांगू शकले नाहीत.

सोमवारी उत्तमराव आणि जगदेव आले. चतुराने पोहे आणले. जगदेवने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग पोह्यांकडे पाहायचं विसरला. सगळं सुरळीत चाललं होतं. नथ्थू पाहुण्यांसाठी वांगी घेऊन आला आणि ओसरीच्या कडेला टेकला. तेवढ्यात उत्तमरावांनी खिशातून टिपण काढलं.

"जोशीबुवा, तुमच्या लेखणीले सलाम हाय. आमच्या आईले रोज वाचून दाखवतो. 'सात अपत्ये होतील. राहील त्या घरी गोरस…'"

"'तुटणार नाही,'" नथ्थू आनंदाने म्हणाला. "'हिने घर सोडल्यास लक्ष्मी मागे थांबणार नाही.' हे त आमच्या बांडीचं हाय!"

"बांडी कोण?" उत्तमरावांनी विचारलं.

तेवढ्यात शेजारच्या गोठ्यातून बांडीनेच उत्तर दिलं.

मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. शालिग्रामांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. चार महिन्यांचा कंटाळा, म्हशीचं बाळंतपण, पागोटं, आणि शेवटी आठव्या घरातला मंगळ. दाराआड चतुराच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. सीताबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांना जमिनीत जावंसं वाटलं.

उत्तमराव बराच वेळ मिशीवर बोट फिरवत राहिले. घरी आईला तेहतीस गुण सांगून बसले होते. मुलगा डोळ्यांनी विनवत होता. अखेर त्यांनी तोडगा काढला. "असं करू. गुण बांडीचे, मंगळ पोरीचा. दोघीही येऊ द्या. काळं जनावर संगं आलं त मंगळाले उतारा होईन, अन् गुण बी घरात येतीन. वगार द्या, लग्न पक्कं."

सीताबाईंनी हात जोडले. सगळे नथ्थूकडे वळले.

"नाही बाप्पा," नथ्थू म्हणाला.

"अरे, दुसरी घे. मोठी घे, दुधाची घे," शालिग्राम म्हणाले.

"महाराज, तुमीच लेयलं. हे घरातून गेली त लक्ष्मी जाईन. चतुराबाई माह्या लेकीसारखी हाय, पण घरात चार पोट्टे हायेत. त्यायची लक्ष्मी म्या कशी धाडू?" त्याचे डोळे भरून आले होते. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि म्हणूनच तो हलणार नव्हता.

शालिग्रामांनी दाराकडे पाहिलं. फटीतून चतुराची फक्त बोटं दिसत होती, चौकट घट्ट धरलेली. बावीस वर्षांत जे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं ते त्यांनी काढलं.

"नथ्थू, ते सारं खोटं हाय. लक्ष्मीबिक्ष्मी काही नाही. मले करमत नव्हतं, म्हणून बसल्या बसल्या लेयलं."

नथ्थूने थोडा विचार केला. "मंग चतुराबाईचा मंगळ बी तुमी बसल्या बसल्याच लेयला अशीन."

उत्तमराव शालिग्रामांकडे पाहत होते. जगदेव पाहत होता. फटीतली बोटंही जणू पाहत होती.

"हाव," शालिग्राम म्हणाले. "तो बी खोटाच."

उत्तमरावांनी मोठा श्वास सोडला आणि जोशांच्या मांडीवर थाप मारली. "वा, जोशीबुवा! जिवावरचा दगड उतरवला. आता तुमच्यापासून कायले लपवू? आमच्या जगदेवलेही मंगळ हाय, सातव्या घरात. आमच्या जोशाले दाखवलं अन् तुमाले दाखवणार होतो, ते टिपण म्या दुसऱ्या पोट्ट्याचं आणलं होतं. मले वाटे, दोन मंगळ एका घरात आले त घर जळीन. पण तुमच्यासारखा शास्त्री म्हणून राह्यला, का मंगळच खोटा, त मंग खेळ संपला!"

शालिग्रामांचं तोंड उघडलं. मंगळाला मंगळ! पोराला आणि पोरीला दोघांनाही असला की दोष राहत नाही. शास्त्राप्रमाणे याहून चांगला जोडा जिल्ह्यात सापडला नसता. खरं टिपण खऱ्या टिपणाला भेटलं असतं, तर पहिल्याच दिवशी लग्न ठरलं असतं. हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं. पण मंगळ खोटा, हे त्यांनी आत्ताच चार माणसांसमोर सांगितलं होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि पोहे खाल्ले.

मार्गशीर्षात लग्न झालं. मुहूर्त उत्तमरावांनीच ठरवला, बाजार नसलेला दिवस पाहून. चतुरा जाताना बापाच्या गळ्यात पडून इतकी रडली की शालिग्रामांना सगळं भरून पावल्यासारखं वाटलं.

पण नथ्थूला एखादी गोष्ट एकदा पाठ झाली की ती मळ्यामळ्यातून फिरे. जोशी महाराजच म्हणाले, सारं खोटं हाय. त्या हंगामात लोकांनी सोयीने लग्नं उरकली, वांगी निघाल्यावर, कापूस विकल्यावर. ओट्यावर कोणी आलं नाही. पूर्वी शालिग्रामांचे चार महिने रिकामे जात, आता बाराही जाऊ लागले. पंचांग नीट लावून ठेवणारीही घरात उरली नव्हती. वासे बेचाळीसच होते, याबद्दल आता काही शंका राहिली नव्हती.

पुढच्या वर्षी देव पुन्हा झोपले आणि कार्तिकात उठलेही. शालिग्राम ओट्यावर होते तिथेच होते. एका सकाळी नथ्थू धावत आला.

"महाराज, वाटी घ्या! म्हैस व्याले झाली."

"कायले, रे? ते खोटं असते. साऱ्या गावाले तूच सांगतलं."

"असंन," नथ्थू म्हणाला. त्याने पागोट्याला हात लावून बघितलं. बांडीचं टिपण त्याने उत्तमरावांकडून त्याच दिवशी मागून घेतलं होतं. "पण ऐकाले लय बरं वाटते, महाराज. हिच्या पिल्लासाठी बी लेहा. चांगलं चांगलं लेहजा."

शालिग्रामांनी फळीवरून घटिकापात्र काढलं, धोतराने पुसलं आणि ते ओट्यावरून उतरले. सीताबाई दारात आल्या. त्यांच्या हातात पंचांग होतं. लेक सासरी गेल्यापासून त्या ते अधूनमधून चाळत असत.

"अवो, आत्ता कुठी चालले? भद्रा लागली हाय."

"तिले म्हणा, आज उपाशी ऱ्हा," शालिग्राम म्हणाले आणि नथ्थूच्या मागे गोठ्याकडे निघाले.