प्रकाश: वाढीतला एक अडथळा

जी गोष्ट मोजता येत नाही तिच्यावर माणूस फार तर प्रेम करू शकतो. तिचा अहवाल वर पाठवू शकत नाही.

आमच्या रोपकेंद्रात पूर्वी रोपांची वाढ नजरेने ठरत असे. जुने साहेब काचघरातून फेरी मारायचे, एखादं पान बोटांत धरून बघायचे आणि म्हणायचे, "बरी आहेत." या 'बरी'ला एकक नव्हतं. नवे साहेब आले आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येक टेबलावर एक पट्टी आली. दर शनिवारी उंची मोजायची, सर्वांत उंच ट्रेला निळी फीत बांधायची आणि तो ट्रे वाढवणाऱ्याचा फोटो दाराजवळच्या फलकावर लावायचा. मोजणीचं काम भांडारपालांकडे गेलं. तेव्हापासून त्यांना सगळे इंचवाले म्हणतात. (ते सेंटिमीटरमध्ये मोजतात, पण टोपणनावांना एककाची शिस्त नसते.)

सुरुवातीचे शनिवार निरुत्साही गेले. टोमॅटोची रोपं उन्हात चार बोटं वाढली, जाडजूड झाली, गडद हिरवी झाली आणि तिथेच रेंगाळली. महत्त्वाकांक्षा म्हणून नाही. मग इंचवाल्यांना भांडारात, रिकाम्या पोत्यांमागे, एक विसरलेला ट्रे सापडला. कोणीतरी पेरून ठेवला होता, उचलायचा राहून गेला होता. पाण्याची सोय गळक्या नळाने परस्पर केली होती. त्यातली रोपं चांगली वीतभर उंच होती.

निकालाच्या फलकावरचं वर्णन साहेबांनी स्वतः लिहिलं: "उंच, सडपातळ, गोरीपान. मान खाली घालून उभी. बाहेरचं वारं न लागलेली." सोबत रोपांचा फोटोही लागला. (फोटोपुरता रोपांना मागून काड्यांचा आधार दिला होता. तो दिसत नाही.)

मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन तिथे नुकतीच लागले होते, तीही तात्पुरती. मला कायम करण्यावर साहेबांची सही व्हायची होती. त्यामुळे मला जे ठाऊक होतं ते मी बैठकीत अत्यंत अदबीने मांडलं. अंधारातल्या रोपाला वाटतं, आपण अजून मातीखालीच आहोत. मग ते बियाण्यातली सगळी शिदोरी खोडाच्या लांबीवर उधळतं. पानं नंतर बघू, हिरवा रंग नंतर बघू, आधी उजेड गाठू. वाटेत खडा लागला तर शेंडा दुखावू नये म्हणून तो आकडीसारखा वाकवून ठेवतं. उजेड दिसला की आतल्या संप्रेरकांचे निरोप बदलतात. लांबी आवरती होते, खोड भरतं, मान वर येते. तेव्हा ती आकडी म्हणजे विनय नव्हे आणि ती लांबी म्हणजे प्रगती नव्हे. ती घाबरून केलेली धावाधाव आहे.

"एकच सांगा," साहेब म्हणाले, "उजेड पडला की खोडाचं लांब होणं वाढतं की आवरतं?"

"आवरतं. पण सर..."

"पण नको. आवरतं ना?"

"हो."

"इंचवाले, लिहून घ्या. प्रकाश वाढीला बाधक आहे. आपल्याच बाईंनी सांगितलंय."

(साहेबांच्या प्रश्नात शास्त्रीय चूक एकही नव्हती. म्हणूनच तो इतका कामाला आला.)

पुढची सुधारणा झपाट्याने झाली. काचघराच्या काचांना काळा रंग दिला. 'काचघर' हे नाव तसंच ठेवलं, कारण पाटी नवी होती. होतकरू ट्रेंवर उंची वाढवणाऱ्या संप्रेरकाचा फवारा सुरू झाला. मोजणी टॉर्चच्या उजेडात होई, तोही बोटांआडून, रोपांना सुगावा लागू नये म्हणून. रोपांची सरासरी उंची दुप्पट झाली. कर्मचाऱ्यांना ठेचा लागण्याचं प्रमाणही दुप्पट झालं, पण त्याचा तक्ता वेगळा असल्याने या दोन गोष्टींची कधी गाठ पडली नाही.

या सगळ्यात अडकली माझी आत्या. तिने शिवणकामाचं दुकान बंद करून घरामागच्या मोकळ्या तुकड्यावर टोमॅटो लावायचं ठरवलं होतं, तेही माझ्या सांगण्यावरून. हंगाम एकच. रोपं गेली की वर्ष गेलं. "भाची आहे ना माझी तिथे," असं ती गल्लीभर सांगत सुटली होती.

म्हणून तिची रोपं मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, भर उन्हावाऱ्यात वाढवली. ती चार बोटं उंच झाली, जाड झाली, वारा आला की डुलायची आणि परत सरळ व्हायची. केंद्राच्या वर्गवारीत त्यांचा वर्ग होता 'खुंटलेली'.

आत्या रोपं न्यायला आली तेव्हा साहेबांनी जातीने दोन्ही प्रकार टेबलावर मांडले.

"अगं बाई! केवढाली झालीत ही!" ती उंच ट्रेकडेच वळली.

"आत्या, ही दुसरी घे. तुझ्यासाठी वाढवलीत मी."

"ही? ही तर तुझ्यावर गेलीत गं! बुटकी नि काळपट. उन्हात ठेवली असशील. स्वतः बघ कशी रापलीयस."

"ही टिकतील. ती पडतील."

"कशाने पडतील? किती जपून वाढवलीत! बिचारी मान वर करून बघत पण नाहीत."

"ताई, तुम्हाला पारख आहे," साहेब म्हणाले.

आता अदब परवडणारी नव्हती. "आत्या, ती अंधारात वाढवलीत," मी मोठ्याने म्हटलं. "उद्या दुपारपर्यंत मरतील."

माझ्या कागदावर सही करायला काढलेलं पेन साहेबांनी परत खिशात सारलं.

"शुभ बोल गं जरा," आत्या म्हणाली आणि उंच ट्रे घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "अगं, सगळी आडवी झाली गं."

"पाणी?"

"पाणी घातलं. छत्री धरून उभी राहिले. किती जणींवर धरू?"

संध्याकाळी गच्चीवरचे ट्रे मी तिच्याकडे पोचवले आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघींनी लावणी केली. शेवटच्या ओळीत तिने एकदाच विचारलं, "राहतील ना गं उभी?" सकाळी रोपं उभी होती.

केंद्राने रीतसर चौकशी केली. निष्कर्ष: रोपांत दोष नाही, संबंधित जमिनीवर प्रकाश आढळला. मला मात्र कायम केलं नाही. इथे माझी वाढ खुंटेल, अशी काळजी साहेबांनी व्यक्त केली. तेव्हापासून मी आत्याच्याच टोमॅटोंत असते. रोपं कमरेपर्यंत आली आहेत, फळांनी वाकली आहेत, आणि "बुटकी आणि काटक बघून घ्यावीत हो," असं आत्या आता गल्लीभर सांगते.

परवा ती माझ्यासाठी एक स्थळ घेऊन आली. "माणसं फार चांगली आहेत गं. मुलगी कशी हवी, तेवढंच सांगितलंय त्यांनी. उंच हवी, सडपातळ..."

"गोरीपान," मी म्हणाले. "मान खाली घालून उभी राहणारी. बाहेरचं वारं न लागलेली."

"तुला कसं कळलं?"

मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला विचारते. साहेबांचं ते वर्णन वर वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे टोमॅटोचं रोप आलं असेल, तर तुमचा वेळ घेतल्याबद्दल क्षमा असावी. दुसरं कोणी आलं असेल, आणि बरंही वाटलं असेल, तर घरच्या काचांना कोणता रंग लावलात, तेवढं कळवा.