खांदमळणीचं आवतण

"शेळ्या ब्येस झाल्यात," वच्छलाबाई म्हणाल्या आणि वाळत घातलेली मिरची गोळा करायला लागल्या.

"बैल हायेत ते," कडुबा म्हणाले.

"असतील बापा. पन गच्चीवरचा ह्यो चिखल उद्याच्याला निघंल ना? पोळ्याचा सण हाय."

पुंडलिकनगरातल्या त्या गच्चीवर कडुबा तीन दिवस मांडी घालून मातीचे दोन बैल घडवत बसले होते. हर्सूलच्या तळ्याकाठची माती त्यांनी स्वतः स्कूटरवर पायांत धरून आणली होती. लहानपणी, लासूर स्टेशनजवळच्या गावात, पोळा आला की सगळी आळी त्यांच्या दारात मातीचे बैल मागायला यायची, कारण कडुबाच्या बैलांना नजर असायची. पुढं बसस्टँडवर नोकरी लागली आणि एकतीस वर्षं खिडकीमागं माइकपुढं बसून गाड्या पुकारण्यात गेली. आता निवृत्त झाल्यावर हात जुनी ओळख देतील का, याचीच त्यांना धास्ती होती. वच्छलाबाईंनी तर शेळ्या म्हणून निकाल देऊन टाकला होता. म्हणून बैल बाहेरच्या कुणाला दाखवायचे नाहीत, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्या खाली गेल्या आणि कडुबांनी डाव्या बैलाची मान अंगठ्यानं किंचित दाबली. बैलानं त्यांच्याकडं पाहिलं. अगदी मान तिरपी करून, रागानं पाहिलं. कडुबांच्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं ज्या अंगठ्यानं नुसतं माइकचं बटण दाबलं, त्याच्यात हे सगळं कुठं दडून बसलं होतं, त्यांना कळेना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. कडुबांनी बोटभर तूप चोळलं, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

आता, ज्या आवाजानं बाकावर गाढ झोपलेली माणसं उठून धुळ्याच्या गाडीत चढायची, त्या आवाजाला हळू म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. शिवाय कोणतीही सूचना दोनदा द्यायची त्यांची सवय. ते परत म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाबाईंनी दोघांपुरतं पुरण वाटलं आणि दारावरची बेल वाजली. शेजारचे साहेबराव आणि सुरेखाबाई नारळ घेऊन उभे होते.

"एवढं मोकळ्या मनानं बोलावलं, मंग नाय कसं म्हनावं?" साहेबराव म्हणाले.

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं छताकडं पाहिलं. तेवढ्यात समोरच्या घरातले अन्सारभाई आणि गुलशनभाभी दुधाची कासंडी घेऊन आले. त्यांच्यामागं कोपऱ्यावरचे बद्रीनाथ गुरुजी, घरच्या चौघांसह.

"अवो, कुनाकुनाला सांगितलं तुमी?" स्वयंपाकघरात वच्छलाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"दोघांलाच," कडुबा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

आमटीत पाण्याचा तिसरा तांब्या पडला. तरी सणाचा दिवस म्हणून निभावलं. सुरेखाबाईंना अंदाज आला, त्या गुपचूप घरी जाऊन आपलं पुरणाचं पातेलं घेऊन आल्या. गुरुजींच्या घरूनही पोळ्यांची चळत आली. आपापलं पुरण घरी सोडून आलेली माणसं आता तेच पुरण कडुबांच्या घरी बसून मिटक्या मारत खात होती.

हात धुताना अन्सारभाईंनी विचारलं, "कडुबाभाऊ, खाना तो एकदम बढिया. पन कार्यक्रम कायचा हाय?"

कडुबांना खोटं बोलता येत नव्हतं. मान खाली घालून ते सगळ्यांना गच्चीवर घेऊन गेले. "आवतण तुमाला नव्हतं," ते म्हणाले, "ह्यांना होतं."

गुरुजींनी खिशातून चष्मा काढला. गुलशनभाभींनी बैलाच्या पाठीकडं हात नेला आणि न लावताच मागं घेतला. साहेबराव उकिडवे बसले आणि बसूनच राहिले. कडुबांना वाटलं, आता हसतील.

"भाऊ," अखेर अन्सारभाई म्हणाले, "मंग आमी बी बैलच की. तीस साल तुमी म्हनले फलाट चार, आमी चारवर पळालो. म्हनले पाच, आमी पाचवर. स्टँडवर कवा तुमचं तोंड बगितलं नाय, कवा इचारलं नाय. काल बी आवाज आला, आमी आलो." ते परत बैलांकडं वळले. "पन इतने साल ऐसे हाथ खिडकी के पीछे क्यूं छुपाए?"

कडुबांचे डोळे भरून आले.

पाहुणे गेल्यावर वच्छलाबाई ताट घेऊन वर आल्या. ज्यांना खरं आवतण होतं ते अजून उपाशीच होते. एकच पोळी उरली होती. तिचे त्यांनी दोन तुकडे केले. एक उजव्या बैलाला भरवला. डाव्या बैलापुढं तुकडा नेला आणि झटकन हात मागं घेतला.

"काय झालं?" कडुबांनी विचारलं.

वच्छलाबाईंनी पदर सावरला. "तुमीच भरवा ह्याला," त्या दोन पावलं मागं सरकत म्हणाल्या. "मारका दिसतोय."