आई हो म्हणाल्या

कुलुपं बनवणाऱ्या कंपनीचे सेक्रेटरी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरले, तेव्हा त्यांच्या एका हातात संचालक मंडळाच्या बैठकीच्या फायली होत्या आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर बायको होती. यंदा एका शेअरमागे किती रुपये डिव्हिडंड द्यायचा, ते बैठकीत दुपारी ठरायचं होतं. लेकीच्या वाढदिवसाचा केक किती किलोचा सांगायचा, ते मात्र बायकोला आत्ताच हवं होतं.

"अगं, साडेचार!" सेक्रेटरी म्हणाले. "गेल्या वर्षी तीनवर भागवलं आणि काय झालं? सगळे नाराज! यंदा साडेचार म्हणजे साडेचार."

केकचे पैसे सासूबाई देणार होत्या, म्हणून बायकोने विचारलं, "पण आईला विचारलंत का?"

"विचारलं की. आई हो म्हणाल्या. विषय संपला!"

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा शेअर दलाल उभा होता. तो छताकडे बघत होता, पण कान मात्र फोनला चिकटल्यासारखे. गेल्या वर्षी कुलूपवाल्यांनी तीन रुपये दिले होते, हे त्याला ठाऊक होतं. कंपनीचे एक तृतीयांश शेअर अध्यक्षांच्या मातोश्रींच्या नावावर आहेत आणि अख्खी इमारत त्यांना 'आई'च म्हणते, हेही ठाऊक होतं. तिसरा मजला आला तसा तो उतरला आणि जवळजवळ पळतच सुटला. चकचकीत बूट घातलेला गृहस्थ असा का पळतोय, याचं सेक्रेटरींना थोडं नवल वाटलं, एवढंच.

अकराच्या सुमारास फायनान्स मॅनेजर घामाघूम होऊन त्यांच्या टेबलाशी आले. "शेअर वर चाललाय! दोनशे दहाचा दोनशे चाळीस झाला!"

"मग पेढे... म्हणजे, आनंदच आहे की."

"कसला डोंबलाचा आनंद! बाजारात बोंब उठलीय. साडेचार रुपये डिव्हिडंड, आणि आई हो म्हणाल्या म्हणे!"

लिफ्ट, छत, पळणारे बूट, सगळं एका क्षणात सेक्रेटरींच्या डोळ्यांपुढून गेलं. बैठकीआधी आकडा बाहेर गेला तर त्याचा जाब सेक्रेटरीला द्यावा लागतो. अठरा वर्षांची नोकरी एका केकपायी जाणार, असं दिसू लागलं.

बैठकीत अध्यक्ष लालबुंद होऊन बसले होते. "आकडा फुटला कसा? आपण अजून ठरवलाच नाही, तर फुटला कसा?"

"माझं म्हणणं दोन रुपये," फायनान्स मॅनेजर म्हणाले. "उरलेल्या पैशात नवं मशीन घेऊ. जुनं रोज बंद पडतंय."

"दोन दिले तर लोक म्हणतील, कंपनी खड्ड्यात गेली," अध्यक्ष म्हणाले. "साडेचार दिले तर पुढच्या वर्षी पाच मागतील. एकदा वाढवला की खाली आणता येत नाही. तीनच!"

"आता तीन दिले तर शेअर आपटेल, साहेब. बाजार साडेचार धरून बसलाय."

"म्हणजे आमच्या कंपनीचा डिव्हिडंड बाजार ठरवणार?"

सेक्रेटरींना राहवेना. ते उठून उभे राहिले. "साहेब, चूक माझी आहे. मी लिफ्टमध्ये बोललो. पण ते साडेचार केकचे होते."

"कसले?"

"केकचे. साडेचार किलो. आणि आई म्हणजे माझ्या सासूबाई."

कुणी हसलंसुद्धा नाही. फायनान्स मॅनेजर हळूच म्हणाले, "अहो, निदान पटेल असं तरी सांगा."

अध्यक्ष वळले. टेबलाच्या टोकाला ब्याऐंशी वर्षांच्या आई बसल्या होत्या. वीस वर्षं त्या प्रत्येक बैठकीला येत, पाणी पीत आणि सही करून जात. त्यांना कुणी काही विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"आई, तू कुणाला हो म्हणालीस का?"

"नाही बाई. मला कोण विचारतंय?"

सेक्रेटरींनी सुटकेचा श्वास सोडला.

"पण मी हो म्हणाले, एवढ्यानेच भाव वाढला?" आईंनी विचारलं.

"तीस रुपयांनी," फायनान्स मॅनेजर म्हणाले.

आईंनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला. चष्मा पुसला, पुन्हा लावला. "मग आता म्हणते. साडेचार द्या. आणि माझ्या वाट्याचे जे काही येतील, ते त्या मशीनसाठी कंपनीला उसने घ्या. मला एकटीला एवढे लागतात कशाला?"

फायनान्स मॅनेजरांनी कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. मशीन बसत होतं. बाकीच्यांचे हात भराभर वर गेले. अध्यक्षांचाही गेला, सगळ्यांत शेवटी.

"आणि या बिचाऱ्याला काही बोलू नका," आई म्हणाल्या. "लिफ्टमध्ये फोन घेऊ नका, अशी पाटी लावा म्हणजे झालं. पुढचा विषय काय आहे?"

सेक्रेटरींनी कागद उलटला. "अध्यक्षांची आणखी पाच वर्षांसाठी फेरनेमणूक."

नेहमीच्या सवयीने सगळ्यांचे हात वर जायला निघाले होते.

"थांबा जरा," आई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. "यावर थोडं बोलू या."

अध्यक्ष ताठ बसले आणि त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं.