माणिककाकांचे हंबल अर्ज

माणिककाका निपाने यांनी एकदा शेजारच्या कुत्र्याविरुद्ध इंग्रजीत तक्रार लिहिली. एका पानात 'हंबल', म्हणजे नम्र, हा शब्द पाच वेळा होता. कुत्रा काकांना दोनदा चावला होता, पण अर्ज वाचून वाटावं की काकाच त्याची माफी मागताहेत.

गोळीबार चौकाजवळच्या आमच्या गल्लीत एकेकाळी घरोघरी हातमाग होते. काकांनी मात्र बुटीबोरीच्या कारखान्यात कारकुनी केली आणि निवृत्त होताना हा एक शब्द तेवढा घरी आणला. संध्याकाळी ओट्यावर बसून ते सगळ्यांचे अर्ज फुकट लिहून देत. नळ असो, मीटर असो, पहिल्या ओळीत हंबल. "हंबल टाकलं का साहेबाचा हात आपोआप सहीकडे जाते," असं म्हणत.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून मला ते जरा जास्तच शिकवत. "हे पाहा सर, हंबल फक्त आपल्याच वस्तूले लावाचं. आपली विनंती हंबल, आपलं घर हंबल. दुसऱ्याच्या घराले हंबल म्हटलं तं मार बसन."

घरी सावजी मटण शिजलं असलं तरी पाहुण्याला सांगत, "काही विशेष नाही, हंबल जेवण आहे." पाहुणा नाकाडोळ्यांतून पाणी गाळत तिसऱ्यांदा रस्सा मागे.

काकांची बायको, सुभद्राकाकू, गल्लीतला शेवटचा माग चालवायच्या. आडवा धागा नेणारे तीन धोटे फिरवून विणलेला त्यांचा दातेरी करवती काठ पाहायला उमरेडहून विणकर येत. त्यांनी तोंड भरून कौतुक केलं की काका मध्येच म्हणत, "जमते तिले थोडंफार." काकू मान खाली घालून धोटा फेकत राहायच्या.

विणकरांच्या एका सन्मानासाठी काकूंनी लागोपाठ तीन वर्षं अर्ज केला. शालीची त्यांना हौस नव्हती. एकदा कोणीतरी माइकवरून आपलं नाव घ्यावं, एवढंच मनात होतं. अर्ज अर्थात काका लिहीत. इंग्रजी न येणाऱ्या काकू विचारायच्या, "काय लिवलं जी?"

"चांगलंच लिवलं वं."

तिन्ही वर्षं नाव दुसऱ्याचंच आलं. तिसऱ्या वेळी काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "माह्या हातात तेवढं नसन, बाई." यंदा पोळ्यानंतर त्या गेल्या.

तेरवी झाल्यावर काका माझ्याकडे आले. शहरातल्या हातमाग प्रदर्शनात काकूंची शेवटची साडी ठेवणार होते, आणि साडीखाली लावायच्या कार्डावर दोन ओळी हव्या होत्या. काकांनी कोरं कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि त्याच्या बाजूला जुन्या तीन अर्जांच्या प्रती.

मी वाचू लागलो. 'माझी हंबल पत्नी साधारण प्रतीच्या साड्या विणते. तिच्याहून चांगले विणकर पुष्कळ आहेत. तरी कृपा व्हावी.' तिन्ही वर्षं हेच. मला त्यांचा भयंकर राग आला. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि तो टिकला नाही.

"घरच्या माणसाची तारीफ आपणच कशी लिवाव, सर? हातच चालत नाही. मले वाटलं, साहेब साडी पाहतीन तं समजून घेतीन." पुढे म्हणाले, "तिले वाटलं, तिचंच काम कमी आहे. तसंच समजून गेली ती. आता तुम्ही लिवा. तुम्ही परके आहा, तुम्हाले चालते."

मी लिहिलं: 'असा करवती काठ विणणारं आता आमच्या भागात कोणी उरलं नाही.'

काकांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"जास्त झालं का?" मी विचारलं.

"कमी आहे," ते म्हणाले.

मग ते सांगू लागले. तुटलेला धागा काकू अशा जोडायच्या की गाठ बोटाला लागायची नाही. काठाचे दात कधी मोजायच्या नाहीत, तरी एकही चुकायचा नाही. ताप असला तरी पदर अर्धा सोडून उठायच्या नाहीत. काकांनी हे सगळं चाळीस वर्षं जवळ बसून पाहिलं होतं. कार्ड केव्हाच भरलं होतं. मी वहीतलं पान फाडलं आणि लिहीत राहिलो.