गणोजीनानांचं भूमिव्रत

एका जंगलात जे झालं, त्याला जबाबदार गणोजीनाना होते. हे आधीच सांगून ठेवतो, पोरांनो. कारण हीच गोष्ट तुम्हाला घरातले मोठे सांगतील, तेव्हा ते दोष बिबट्यावर टाकतील, नाहीतर सुनेवर. मोठ्यांच्या गोष्टीत मोठ्यांची चूक कधी नसते. गोष्ट तेच सांगतात ना.

तर गणोजीनाना. वानरांच्या टोळीचे हुप्पे, म्हणजे प्रमुख. काळं तोंड, पांढऱ्या भुवया, लांब शेपूट आणि शेपटीहून लांब भाषण.

जंगल समुद्राच्या काठचं होतं. नारळ, सुपारी, फणस आणि बारा महिने घाम. मधोमध एक दगडी तळं होतं, चारी बाजूंनी पायऱ्यांचं. ते कोणी बांधलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. नाना सांगायचे, आमच्या पूर्वजांनी बांधलं. आता वानरांनी आजवर एक दगड दुसऱ्या दगडावर नीट ठेवलेला नाही. पण लांबलांबचे प्राणी तळं बघायला येऊ लागले होते, आणि आलेल्याला काहीतरी सांगावं लागतं.

या सहली धनेश काढायचा. धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी. चोच मोठी असली की आत माहितीही तेवढीच असेल, असं सगळ्यांना वाटतं. तो म्हणायचा, "खास सहल. दिवसभराची. फक्त तुमच्यासाठी. गर्दी नाही, घाई नाही." सकाळी तळं, दुपारी केळीच्या पानावर इथलं जेवण, आणि मग वानरांच्या संस्कृतीचं जवळून दर्शन.

एका दुपारी त्याने करकोच्यांचं एक जोडपं आणलं. परदेशातून आलेलं. नाना तेव्हा तळ्याकाठी जमिनीवर आडवे पडले होते. एकट्याने अख्खा फणस खाल्ला होता. उठवत नव्हतं.

"हे खाली कसे?" करकोचीण म्हणाली. "वानर तर झाडावर असतात ना?"

धनेशाने नानांकडे पाहिलं. फणस जास्त झाला, एवढंच सांगायचं होतं. तीन शब्द. पण पाहुण्यांसमोर मोठ्यांना तीन खरे शब्द जड जातात. तीस खोटे सहज येतात.

"आमच्या कुळात," नाना हळूहळू उठून बसत म्हणाले, "प्रमुखाने झाडावर पाय ठेवायचा नसतो. झाड ही आई. आईच्या अंगाखांद्यावर लेकरांनी खेळावं. आपले केस पिकले की आपण खाली उतरावं. भूमिव्रत म्हणतात याला. हजारो वर्षांचं आहे."

करकोचिणीचे डोळे भरून आले. करकोच्याने पान काढून सगळं लिहून घेतलं.

वरच्या फांदीवर नानांची सून बसली होती, शेवंता. टोळीची टेहळणी तिच्याकडे होती.

"मामंजी," ती वरून म्हणाली, "पण फणस तर सकाळी तुम्हीच चढून..."

"शेवंते, तू लांब बघ. तुझं काम लांब बघायचं आहे."

पाहुणे गेले. मग टोळीतले तीन म्हातारे नानांपाशी जमले. तुम्हाला वाटेल, ते नानांना म्हणाले असतील की बाबा रे, हे काय भलतंच. नाही. म्हाताऱ्यांचं तसं नसतं.

"मला चांगलं आठवतंय," पहिला म्हणाला, "माझे आजोबासुद्धा झाडावर चढत नसत."

"तुमचे आजोबा झाडावरून पडून गेले," शेवंता म्हणाली.

"तेच सांगतोय. त्यानंतर चढले नाहीत."

झालं. भूमिव्रत हजारो वर्षांचं ठरलं. दुपारी जन्मलं आणि संध्याकाळी हजार वर्षांचं झालं.

करकोच्यांनी उडत उडत सगळीकडे सांगितलं. आता प्राणी तळं बघायला येईनात, नानांना बघायला येऊ लागले. तळ्याच्या काठावर एका सपाट दगडावर नाना डोळे मिटून बसायचे. बगळे यायचे, ससे यायचे, लांबच्या डोंगरातल्या शेळ्या यायच्या. केळी ठेवायचे. काही जण तर नानांना बघून आपल्या बापाला आठवून रडायचे. बाप घरी जिवंत असायचा. पण तो झाडावर चढायचा ना, त्यामुळे त्याच्याकडे बघून रडू येत नसे.

आणि पाहुणे नजरेआड झाले की नाना चहूकडे बघायचे आणि सरसर शेंड्यावर. पाय ठणठणीत होते, पोरांनो. हे लक्षात ठेवा. झोपायचे शेंड्यावर, खायचे शेंड्यावर. फक्त बघणारा असला की खाली.

मग एक अडचण आली.

वानरांची एक रीत आहे, आणि ही खरीच जुनी. टेहळणीवरच्याला बिबट्या दिसला की तो खाकरतो. खॅक, खॅक. ते ऐकलं की टोळी क्षणात वर जाते. हरणंसुद्धा त्या खाकरण्यावर जगतात. एक दिवस सहल चालू असताना शेवंता खाकरली. पलीकडच्या ओढ्यात खरंच बिबट्या होता. टोळी वाचली. पण पाहुणा म्हणून आलेल्या सशाची बायको घाबरून बेशुद्ध पडली, आणि धनेशाने तोंड वाकडं केलं.

नानांनी सभा घेतली.

"पाहुणे असताना खाकरायचं नाही," ते म्हणाले. "आलेल्याला वाटलं पाहिजे की इथे कसली भीती नाही."

"पण भीती आहे, मामंजी."

"आहे ती आपल्या आपल्यात. चारचौघांत कशाला दाखवायची?"

तिन्ही म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ते काम त्यांना छान जमायचं.

पुढच्याच पंधरवड्यात बिबट्याने सहल ठरवली. चोरून वगैरे नाही. धनेशाकडे रीतसर निरोप धाडला. एकटाच येतोय. खास सहल हवी. गर्दी नको.

धनेश निरोप घेऊन आला तेव्हा नाना आनंदाने दगडावरच उभे राहिले.

"बघा," ते म्हणाले. "ज्याने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या नुसतं खाल्लं, त्यालाही आता आपली संस्कृती समजून घ्यावीशी वाटतेय."

"संस्कृती नाही, मामंजी. तो ताट बघायला येतोय."

"तुझं शिक्षण किती गं, शेवंते?"

"तुमच्या शाळेत झाडावर चढायला शिकवायचे. तेवढं आलं, मग सोडली."

"तेच म्हणतोय मी. अर्धवट शिकलेलं आहे, म्हणून संशय. पाहुणा म्हणून जो येतो, तो पाहुणाच."

"आणि जाताना?"

यावर नानांनी भाषण केलं. ते मी सांगत बसत नाही. अशी भाषणं तुम्ही जेवताना ऐकलेली आहेत.

ठरल्या दिवशी बिबट्या आला. अंग चाटूनपुसून, शेपूट खाली, नजर जमिनीकडे. हातात भेटवस्तू होती. मऊ, ठिपक्याठिपक्यांचं कातडं.

"आपल्या बैठकीसाठी," तो म्हणाला. "दगड टोचत असेल."

नाना हरखले. कातडं दगडावर अंथरून त्यावर बसले. "सुरेख आहे हो. कोणाचं?"

"ओळखीतल्याचं," बिबट्या म्हणाला.

शेवंताने ते ठिपके ओळखले. एक हरिणी तिच्या झाडाखाली रोज यायची, तिचेच ते. मागच्या सहलीच्या दिवसापासून आली नव्हती. त्या दिवशी कोणी खाकरलं नव्हतं.

सहल सुरू झाली. बिबट्या फार चौकस पाहुणा निघाला. तळ्यापाशी त्याने विचारलं, "इथे पाण्यावर कोण कोण येतं? साधारण कोणत्या वेळी?" धनेशाने सगळं तपशिलात सांगितलं. असा अभ्यासू पाहुणा फार क्वचित मिळतो, असंही म्हणाला. "पिल्लं घेऊन माद्या कुठल्या बाजूला असतात?" तेही सांगितलं. जेवणाचं पान वाढलं, त्याला बिबट्याने तोंड लावलं नाही. "नंतर बघू," म्हणाला.

मग तो नानांसमोर येऊन बसला. अगदी जवळ. पुढचे पाय जोडून.

"नाना, भूमिव्रत म्हणजे नेमकं काय? मला नीट समजून घ्यायचंय."

नानांनी डोळे मिटले आणि समजावून सांगितलं.

"म्हणजे काहीही झालं तरी चढायचं नाही?"

"काहीही झालं तरी."

"वादळ?"

"वादळ आलं तरी."

"वणवा?"

"वणव्यातही."

"आणि समजा," बिबट्या अदबीने म्हणाला, "आमच्यासारखं कोणी आलं तर?"

नाना हसले. त्यांना प्रश्न फार आवडला. "व्रत माणूस बघून पाळायचं नसतं, बाळ."

"वा," बिबट्या म्हणाला. "असं निष्ठेने सांगणारं आता कोणी राहिलं नाही."

तो थोडा पुढे सरकला. नानांना वाटलं, पाया पडतोय. त्यांनी आशीर्वादाला हात वर केला.

वरून शेवंता हे सगळं बघत होती. खाकरलं तर टेहळणी जाणार, टोळीतही धड राहू देणार नाहीत. तिने क्षणभर विचार केला. मग खाकरली. खॅक, खॅक, खॅक. सगळं जंगल दणाणलं.

टोळी क्षणात वर गेली. सर्वांत आधी ते तीन म्हातारे. ज्याला आजोबा आठवत होते, तो इतका उंच गेला की खालून दिसेना. धनेश तर कधीच उडाला होता. त्याची पुढची सहल होती.

खाली उरले दोघं. नाना आणि पाहुणा.

"मामंजी, चढा," शेवंता ओरडली. "पाठीमागेच फणस आहे. चढा."

नानांनी मागे पाहिलं. तोच फणस. रोज चढायचे तो.

बिबट्या जागचा हलला नाही. "माझ्यासाठी संकोच करू नका," तो म्हणाला. "चढायचं तर चढा. मी कोणाला सांगणार नाही की ते व्रत खोटं होतं."

फार हुशार होता तो. नानांचे पाय उचलले गेले होते. ते पुन्हा टेकले.

"नाना, बसून राहा," वरून एक म्हातारा म्हणाला. "आता उठू नका. बरं दिसणार नाही."

"मामंजी, यांचं ऐकू नका. कोणी काही म्हणणार नाही तुम्हाला. मी म्हणणार नाही."

नानांनी सुनेकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती होती, पण भीतीपेक्षा जास्त राग होता, की ही सगळ्यांसमोर आपल्याला चढायला सांगतेय.

"पाहुण्यांसमोर?" ते म्हणाले.

बस, तेवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. तिन्ही म्हाताऱ्यांनी एकमताने ठरवलं की शेवंताच्या खाकरण्याने पाहुण्याचा मान दुखावला, म्हणून तो बिथरला. तोवर किती छान बोलत होता. तिला टेहळणीवरून काढलं. आजोबावाला म्हातारा नवा प्रमुख झाला. त्याचे गुडघे दुखतात म्हणून तो फांदीवरच बसतो आणि तिथूनच व्रताची माहिती देतो.

धनेशाच्या सहली जोरात आहेत. तळ्याकाठचा दगड दाखवून तो सांगतो, इथे एका कुलप्रमुखाने व्रत मोडण्याऐवजी प्राण दिला. करकोचिणी अजून रडतात. बिबट्या दुसऱ्यांदा येऊन गेला, या वेळी घरच्यांना घेऊन.

नाना मेले. पाय शाबूत होते, दात शाबूत होते, आणखी सहा-सात वर्षं सहज जगले असते.

तात्पर्य : घरातल्या मोठ्यांना पाहुण्यांसमोर कधीही खोटं पाडू नये. पाहुण्यांनी त्यांना खाल्लं तर चालतं.