वीस चिठ्ठ्यांचा खिसा

पुंडलिक भोईरांना किती वाजले असे विचारले, की ते घड्याळ पाहून सांगत, “नऊ दहा. हे उत्तर एक मिनिट चालंल.”

प्रकृती कशी आहे असे विचारले, तर म्हणत, “बरी हाय. संध्याकाळपर्यंत परत विचारू नका.”

यात उद्धटपणा मुळीच नव्हता. औषधाच्या बाटलीवर जशी मुदत छापलेली असते तशी ती प्रत्येक उत्तरालाही असते, अशी त्यांची श्रद्धा होती. आणि मुदत न सांगता उत्तर देणे हा ते अप्रामाणिकपणा समजत.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे क्रेट बनवणारा आमचा कारखाना होता. दहा वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून मी तेथे भांडार विभागात लागलो, तेव्हा भोईर संगणक कक्षाचे प्रमुख होते. त्या कक्षात दुसरे कोणीच नसल्यामुळे ते स्वतःचेच प्रमुख होते. मी शहापूरला राहत असे, ते सापगावला. सकाळी मुरबाडची एसटी सापगावात थांबली की ते चढत आणि मी रुमाल टाकून धरलेल्या जागेवर बसत. मी पूर्वी शिक्षक होतो हे कळताच त्यांनी मला ‘गुरुजी’ ही पदवी बहाल केली. तिची मुदत मात्र त्यांनी कधी सांगितली नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात रबर लावलेला चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा असे. जो प्रश्न वरचेवर विचारला जाई, त्याचे उत्तर ते एकदाच चिठ्ठीवर लिहून ठेवत. मग कोणी तो प्रश्न विचारला की तोंडातून शब्द न काढता चिठ्ठी समोर धरत. एसटीतला एक सहप्रवासी रोज विचारी, “भोईर, घराचं काम कुठवर आलं?” चिठ्ठी निघे: ‘जोत्यापर्यंत. मुदत: दिवाळी.’ दुसऱ्याचा त्यांच्या मोटारसायकलीवर डोळा होता. त्याच्यासाठी चिठ्ठी होती: ‘विकायची नाही. मुदत: एक वर्ष.’ कारखान्यात सर्वांत झिजलेली चिठ्ठी अर्थातच ‘सिस्टिम कधी चालू होईल?’ या प्रश्नाची. तिच्यावर लिहिले होते, ‘बघतोय. मुदत: पंधरा मिनिटे.’

“पण अशा किती चिठ्ठ्या बाळगणार?” मी एकदा विचारले.

“वीस. खिसाच तेवढा हाय, गुरुजी.” त्यांनी गठ्ठा काढून दाखवला. “जी दाखवली ती परत ठेवताना पुढं ठेवायची. म्हणजे जिला कोण विचारीत नाय ती आपोआप मागं जाते. एकविसावी आली की सगळ्यात मागची बाहेर. इथं वशिला चालत नाय.”

खिशाला इतकी कडक शिस्त लावणारा माणूस माझ्यासारख्या शिक्षकाला आवडला नसता तरच नवल.

त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा मात्र मला उमगत नसे. दुपारी एक वाजता ते संगणक कक्षातल्या टेलिफोनसमोर डबा उघडून बसत आणि सव्वा वाजेपर्यंत त्या फोनला कोणालाही हात लावू देत नसत. कँटीनला कधी येत नसत. कारखान्याचे व्यवस्थापक पाटणकर साहेब एकदा घाईने फोन करायला आले, तर त्यांनाही उत्तर मिळाले, “सव्वाला या, साहेब.” भोईर शेअर बाजारात खेळतात, असे आमच्या विभागाचे एकमुखी मत होते. फाटकावरचा रखवालदार, टोकावड्याचा काळूराम, तेवढा या चर्चेत भाग घेत नसे. तो म्हणे, “जेवू द्या की त्याला. तुमचं काय जातंय?”

पुढे घडले ते कळण्यासाठी वाचकाला आमच्या कारखान्याची अडचण थोडी समजून घ्यावी लागेल. साठा, गेटपास, हजेरी, रजा असा सगळा कारभार एकाच संगणक प्रणालीत होता. आधी तिला प्रश्न विचारणारे आम्हीच काय ते होतो. नंतर ठिकठिकाणची गोदामे आणि वितरक तिला जोडले गेले, आणि सकाळी पाळी बदलण्याच्या वेळेस ती बसकण मारू लागली. फाटकावर ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत जाई. चालक काळूरामला विचारत, “गेटपास झाला काय?” काळूराम संगणकाला विचारी, आणि संगणक विचारात पडे.

शेवटी मुंबईच्या मुख्य कचेरीने कळवले: तीन आठवड्यांत सुधारणा दिसली नाही, तर संगणक कक्ष मुंबईला हलवण्यात येईल. भोईरांनी सोबत यावे. बढती मिळेल आणि राहायला जागाही.

आम्ही त्यांचे अभिनंदन करायला गेलो, तर ते कागदासारखे पांढरे पडले होते.

“मी नाय जात. आणि ही संगणकाची खोली पण नाय जात,” ते म्हणाले.

“भोईर, वेड लागलंय का तुम्हाला?” पाटणकर साहेब म्हणाले. “लोक बढतीसाठी देव पाण्यात घालतात!”

दुसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी तयार होती: ‘मुंबईला का नाही? – पाणी सोसत नाही. मुदत: तीन आठवडे.’

त्या रविवारी भोईर शहापूरच्या सायबर कॅफेत सकाळपासून बसले आणि संध्याकाळी एक सीडी घेऊन बाहेर पडले. त्यांनी एक ओपन सोर्स प्रोग्राम उतरवून घेतला होता. म्हणजे जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेला, कोणीही घ्यावा, उघडून पाहावा, वापरावा, असा.

“फुकटचं कंपनीत लावायचं?” पाटणकर साहेब कडाडले. “उद्या बंद पडलं तर कोणाच्या नावानं ओरडू?”

“माज्या नावानं. तसं पण तुमी ओरडताच.”

या प्रोग्रामचे काम मी माझ्या शाळेच्या उदाहरणाने समजावतो. आमच्या शाळेत येणारा प्रत्येक पाहुणा पटसंख्या विचारी, आणि मी प्रत्येक वेळी कपाट उघडून, हजेरीपत्रक काढून, नावे मोजत असे. नंतर मला अक्कल आली आणि मी तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवू लागलो. हा प्रोग्राम म्हणजे फळ्याचा तो कोपरा. एकदा शोधलेले उत्तर तो संगणकाच्या स्मृतीत हाताशी ठेवतो; तोच प्रश्न पुन्हा आला की मूळ दप्तर न उघडता उत्तर देतो. जाणकार याला कॅशिंग म्हणतात. धोका एवढाच की एखादे मूल शाळा सोडून जाते आणि फळ्यावरचा आकडा तसाच राहतो. म्हणून प्रत्येक उत्तराला मुदत द्यावी लागते. वाचकाच्या लक्षात आलेच असेल, की भोईर हे सारे स्वतःच्या खिशात कधीपासून चालवत होते.

“गुरुजी, कुठलं उत्तर किती वेळ खरं राहतं ते तुमी लिहून द्या,” त्यांनी मला सांगितले. “तुमचं अक्षर बरं हाय, आणि तुमाला सगळी खाती माहीत.”

मी चार दिवस खपून, पट्टीने तांबड्या रेघा मारून तक्ता तयार केला. शिल्लक क्रेट: एक मिनिट. क्रेटचा दर: एक दिवस. कँटीनची भाजी: एक दिवस. कोण रजेवर आहे: एक दिवस, कारण रजा ही दिवसाच्या हिशेबानेच असते, असा माझा शालेय समज.

“आणि एखादं उत्तर कायमचं खरं असेल तर?” मी विचारले.

“मुदतीच्या जागी शून्य टाकायचं. शून्य म्हंजे मुदतच नाय.” मग तक्त्याची घडी घालत ते म्हणाले, “पण तसली उत्तरं लई नसतात, गुरुजी.”

प्रोग्राम चालू झाला, आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मुख्य कचेरीचे वरिष्ठ अधिकारी अचानक पाहणीला निघाले. पाटणकर साहेबांनी त्या दिवशी घरच्या साखरपुड्यासाठी रजा टाकली होती. सकाळी फोन येताच त्यांनी ती रद्द करायला लावली, आणि वरिष्ठांच्याच गाडीत बसून ते कल्याणहून मुरबाडला आले. रजा मूळ दप्तरात रद्द झाली होती. फळ्याच्या कोपऱ्यात, म्हणजे नव्या प्रोग्रामच्या स्मृतीत, मात्र ती सकाळच्या पाळीपासून लिहिलेली होती, आणि माझ्या तक्त्याप्रमाणे दिवसभर राहणार होती.

काळूरामने गाडी अडवली आणि नावे टाइप केली.

“साहेब, तुमी रजेवर हाव.”

“अरे, मी तुझ्यासमोर बसलोय!”

“ते दिसतंय मला. पण इथं रजा लागली. रजेवरच्या माणसाला आत सोडायचं तर मॅनेजर साहेबांची लेखी परवानगी लागते. तुमीच काढलाय नियम.”

“मॅनेजर मीच आहे ना!”

“पण तुमी रजेवर हाव.”

पाटणकर साहेबांनी पुन्हा विचारायला सांगितले. काळूरामने तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा बोट उचलायच्या आत उत्तर आले: रजेवर.

आम्ही धावत फाटकाशी पोहोचलो, तेव्हा साहेब तांबडेलाल झाले होते. “ही मुदत कोणी ठरवली?”

माझे तोंड उघडण्यापूर्वीच भोईर म्हणाले, “मी. माजी चूक. रजा बदलली की ठेवलेलं उत्तर तिथल्या तिथं पुसायला पायजे होतं. एक तासात करून देतो.”

वरिष्ठ गाडीतून उतरले. त्यांनी काळूरामच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिले. “मागच्या खेपेस याच फाटकावर मी ट्रकांच्या मागे ताटकळलो होतो,” ते सावकाश म्हणाले. “आज उत्तर चुकीचं आलं, पण काय झटकन आलं! चूक दुरुस्त करता येते. संगणक कक्ष राहू द्या इथेच.”

भोईरांनी एक तास म्हटले होते. पाऊण तासात केले. नंतर एकान्तात मी क्षमा मागितली, तर म्हणाले, “तक्ता छान होता. रेघा पण सरळ होत्या.”

पाटणकर साहेबांचा राग उतरल्यावर त्यांना औदार्याचा झटका आला. सर्वांसमोर ते म्हणाले, “भोईर, तुमच्या खोलीत नवा फोन बसवू. नवी लाइन, नवा नंबर!”

“नंबर नका बदलू, साहेब!” भोईर एवढ्या मोठ्याने ओरडले की चहाचे कप वाजले. मग खाली पाहून पुटपुटले, “जुनाच बरा हाय.”

संध्याकाळी फाटकाशी एसटीची वाट पाहताना मी काळूरामला त्या ओरडण्याचे कारण विचारले.

“त्याची बायको रोज एक वाजता सापगावच्या बूथवरून त्या नंबरला फोन करायची, गुरुजी. दुसरं काय नाय, ‘जेवलात का’ एवढंच. हा म्हणायचा ‘जेवलो’, की ठेवून द्यायची. तापानं गेली ती. चार वर्षं झाली. तुमी यायच्या आधी.”

एसटीत भोईर नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी बसले. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली: ‘सिस्टिम मुंबईला जाणार का? – नाही. मुदत: एक वर्ष.’ ही एकविसावी होती. त्यांनी गठ्ठा उलटा केला, सर्वांत मागच्या चिठ्ठीवर अंगठा ठेवला, आणि तिच्या अलीकडची ओढून खिडकीबाहेर टाकली. अंगठ्याखालची चिठ्ठी पिवळी पडली होती, कडा कापसासारख्या झाल्या होत्या. अंगठा सरकला तेव्हा मला वाचता आले: ‘जेवलो. मुदत: ०.’

आयुष्यभर मी उत्तरपत्रिकांतल्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या आहेत. ही चूक मी दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी माझा डबा घेऊन संगणक कक्षात गेलो. फोनपासून दूर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते जेवू लागले. दोघांचे डबे रिकामे झाल्यावर मी शक्य तितक्या सहज स्वरात विचारले, “भोईर, जेवलात का?”

त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तेथेच थांबला. मग त्यांनी गठ्ठा काढला, सर्वांत मागची चिठ्ठी दोन बोटांनी हलकेच उचलून माझ्यासमोर धरली, आणि मी वाचल्यावर ती सर्वांच्या पुढे ठेवून रबर लावले.

मी डबा उचलून निघालो. दाराशी पोहोचलो तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, उद्या परत विचारा.”